चाचणीचं पान

कुताइसीतली नोटरी कचेरी.
दोन खोल्या, तीन संगणक, प्रिंटर एकच.
गोदेर्झी आणि वाझा,
दाराच्या पाटीवर शेजारी शेजारी,
आत नऊ वर्षं अबोला.

मी भिंतीला भोक पाडलं,
निळी केबल ओवली,
राउटरचे दिवे लागायची वाट पाहिली.
"पासवर्ड काय ठेवू?"
दोघांनी नाझिब्रोलाकडे पाहिलं.
तिनं टाइप केला, सांगितला नाही.

गोदेर्झीनं पान पाठवलं.
वाझाच्या टेबलाशी यंत्र घरघरलं,
खोकलं,
कोमट कागद बाहेर, कोपरा दुमडलेला.
वाझानं तो उजेडाशी धरला, बराच वेळ.
मग भोकाशी वाकून म्हणाला,
"फिकं येतंय."

पलीकडे खुर्ची सरकली.
मी ड्रिलचा भुसा गोळा करत राहिलो,
होता त्याहून जास्त.