पंचवीसच्या पुढचा वारा

वारा मोजणं ही माझी नोकरी.
पाटोद्याच्या वरच्या माळावर एकवीस पवनचक्क्या,
त्यांच्या पायथ्याशी जाणाऱ्या वाटा
नकाशात नाहीत, आमच्या चाकांना पाठ आहेत.
सेकंदाला पंचवीस मीटरच्या पुढं वारा गेला
की पाती आपोआप वळतात,
थांबतात.
यंत्राला तेवढी अक्कल दिलेली आहे.

शनिवारी अर्धी शाळा.
शाल्मली दप्तरासकट पुढच्या सीटवर चढायची,
चपला काढून दोन्ही पाय डॅशबोर्डवर,
बरोबर तिथं, जिथं प्लास्टिकवर
बारीक इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात.
पुढून डोंगर आधी दिसतो, म्हणायची.
मीही हसायचो.
वीसच्या स्पीडला काय होतंय,
माळ तर आहे,
समोरून येऊन येऊन येणार कोण,
शेळ्या.

ब्रेक पॅड बदलायला रौफभाईकडं गेलो
तेव्हा ती तशीच बसलेली.
त्यानं तिचे पाय पाहिले. पान्हा खाली ठेवला.
आतून एक मळकं पांढरं कापड घेऊन आला,
फुटक्या फुग्यासारखं लोंबणारं,
अजून दारूच्या फटाक्यासारखा वास मारणारं.
आपल्यासारखीच डोंगरात चालणारी गाडी, म्हणाला,
ओढ्यात उतरताना नुसती नाकावर टेकली.
काचसुद्धा फुटली नाही.

कापडावर दोन ठिकाणी काजळ होतं.
दोन्हींमध्ये अंतर तीन बोटं.
मी विचारलं नाही.
त्यानं सांगितलं नाही.

"हे तुमच्या-माझ्या छातीच्या मापानं शिवलंय, साहेब.
म्होरं कोण बसलंय ह्याला काय ठाव?
झटका कळतो. वय कळत न्हाई."
किती जोरात येतं, मी विचारलं,
तर म्हणाला, तासाला तीनशे तरी.
सवयीनं मनात भागाकार झाला:
सेकंदाला त्र्याऐंशी मीटर.
एवढ्या वाऱ्याचा रकाना माझ्या नोंदवहीत नाही.
आणि हा वारा थांबत नाही,
पापणी लवायच्या आत
येऊन गेलेला असतो.

मग बंदच करून टाक ना, म्हणालो.
"अन् उद्या तिथं वहिनी बसल्या तर?"
रौफभाईनं पान्हा उचलला.
"फुग्याला कशाला हलवता? पोरीला हलवा."

पोरगी हलली, पण दोन शनिवार बोलली नाही.
बीडहून आणलेली उंच सीट बघून एवढंच म्हणाली,
मी काय अंगणवाडीत आहे?
पट्टा गळ्यावर येतोय का बघायला मी वाकलो
तर तिनं मान खिडकीकडं फिरवली.
आरशात मला नुसता भांग दिसायचा.

तिसऱ्या शनिवारी वस्तीवरच्या गर्जे मामांनी
सीताफळांची पाटी दिली. पुढं ठेवली.
शंभर फूट गेलो नाही तोच गाडी कोकलायला लागली:
टिंग, टिंग, पट्टा लावा, पट्टा लावा.
मागून खुसखुस ऐकू आली, मग खिदळणं.
"पप्पा, हिला सीताफळ माणूस वाटलं!"
मी उतरलो. पाटीला पट्टा लावला.
गाडीचं समाधान झालं.
एवढ्या शहाण्या यंत्राच्या भरवशावर
मी तीन वर्षं काढली होती.

चढ सुरू झाला. दगड चाकाखाली करकरले.
"आला का डोंगर?"
आला.
"मला नाही दिसत."
वळण येऊ दे.
"तुम्हाला आधी दिसतो, मला नंतर. हे काय बरोबर नाही."
नाही, म्हणालो. बरोबर नाही.

वळणावर आरसा हलला आणि
पहिल्यांदा तिचा पूर्ण चेहरा त्यात आला.
सकाळी आत्यानं काजळ घातलं होतं,
थोडं पसरलेलं, नेहमीसारखं.
वर माळावर पाती फिरत होती, सावकाश,
अकराचा वारा असेल.
मी गिअर टाकला.
"दिसला!" ती मागून ओरडली.