चौथी खुंटी

पुण्याहून आलेल्या पोरानं आधी हात धुतले,
मग खिशातून भिंग काढलं.
बासच्या पाठीवर चार स्क्रूंची चकती,
तिच्यावरचा नंबर दोनदा वाचला,
तिसऱ्यांदा फोनवर कुणाला तरी वाचून दाखवला.
"तोच," म्हणाला. "बासष्ट सालचा. बेनी रेबेलोंचा."
आणि खुर्ची असून उभाच राहिला.

तोंड माझ्याकडं करून बोल, म्हटलं.

उद्यमनगरात एकोणचाळीस वर्षं लेथवर,
शेजारच्या शेडात पॉवर हॅमर.
कान वरच्या बाजूनं गेले:
आधी सायकलची घंटी, मग कुकरची शिट्टी,
मग नात.
डॉक्टरनं आलेख काढला,
पन्हाळ्यावरून गाडी खाली यावी तशी रेघ.
"खालचे आवाज शाबूत आहेत," म्हणाले.
खालचे म्हणजे कुठले, ते विचारायचं राहिलं.

मुंबईच्या स्टुडिओत वीस वर्षं
दुसऱ्यांच्या गाण्यांना बूड देणारा तो माणूस,
त्यानं हा इकबाल मुल्लाणीला दिला
हातउसन्या पैशांपोटी.
इकबालनं मला,
ऑर्केस्ट्राच्या व्हॅनच्या गिअरबॉक्सपोटी.
रोख देऊन कुणीच घेतला नाही याला.

खुंट्या तीनच होत्या.
चौथी तार पक्कड लावून पिळायचे.
मी गनमेटलचा तुकडा घेतला,
तिघींची मापं काढली, आटे पाडले, दाते कापले,
सुट्टीचे दोन सोमवार त्यात गेले.
सगळ्यात जाड तार चढवली. छेडली.
काही नाही.
मग लाकडावर हनुवटी टेकली
आणि दाढेतून आला:
पंचगंगेच्या घाटावर म्हैस पाण्यात शिरते
आणि पाणी तिला जागा देतं,
तसा.

बारा वर्षं झाली. गाणं एकही येत नाही.
रोज संध्याकाळी ती एक तार, हनुवटी, आणि मी.
शालन म्हणते, नावच बास, तरी तुमचं बास होत नाही.

पोरगं पाठीवरच्या घासलेल्या रंगाजवळ बोट नेतं,
टेकवत नाही.
"पट्ट्याचं बकल. हे त्यांचं."
वरच्या टोकाला सिगारेटचा डाग.
"हेही त्यांचंच."
मग चौथी खुंटी. भिंग थांबतं.
"ही?"
माझी.
त्याचा चेहरा पडला. ओरिजिनल नाही म्हणाला,
किमतीतून दीड लाख तरी जातील.
"जुनी मी बाहेरून मागवतो.
ही काढून तुम्हाला देतो, आठवण म्हणून."

मी म्हटलं, असं कर,
त्या तीन काढून ने.
तीन मी करतो.

हसला. म्हणजे दात दिसले.
मग मांडीवर घेऊन तारा लावायला बसला,
एक, दोन, तीन पिळल्या.
चौथीला कान लावला,
हात लावला नाही.
वहीत काहीतरी लिहिलं.

जाताना मंगळवारी येतो म्हणाला बहुतेक.
ओठांवरून मंगळवार आणि बुधवार
सारखेच दिसतात.

आज सोमवार.
आत शालन भाकरी थापतेय,
ते ऐकू येतं.