चिमणी

आमच्या भाषेत चिमणी म्हणजे तीन गोष्टी.
पहिली उडून गेली, तिचं इथे काम नाही.
दुसरी रॉकेलची. तांडापेठेत, बापाच्या मागाशेजारी,
तिच्या उजेडात मी एकोणतिसाचा पाढा पाठ केला.
सकाळी नाकातून काजळी निघायची.
तिसरी कोराडीची.
नव्वद मीटरवर, तिच्या पोटात,
लोखंडी जाळीवर उभी राहून
दर पंधरवड्याला मी नळीचं तोंड पुसते.

लोक रस्त्यावरून बोट दाखवतात: बघा, किती धूर!
तो पांढरा ढग कूलिंग टॉवरचा. नुसती वाफ.
मी मोजते तो दिसत नाही,
त्याला वास नाही, रंग नाही. निनावी.
मीही निनावे. आडनाव आहे ते.
पडद्यावर आकडा येतो, तेरा पूर्णांक दोन टक्के,
मी वहीत उतरवते आणि खाली सही करते,
जणू मीच सोडला.

नवतपा सुरू होता तेव्हा पाहुणे आले,
सात देशांचे, जगासाठी उपाय शोधत.
बाहेर शेहेचाळीस. हॉलमध्ये इतका गारठा
की एका बाईंनी शाल मागितली.
भिंतीवर एक रेघ
दोन हजार सत्तरपर्यंत घसरत खाली आली,
शाळेतल्या घसरगुंडीसारखी,
खाली वाळू आहे की फरशी, ते दाखवलं नव्हतं.
त्या गारठ्यासाठी पलीकडे
तासाला किती कोळसा जळतो, मला तोंडपाठ होतं.
कोणी विचारलं नाही.

शालवाली बाई पोलंडच्या कोळसापट्ट्यातली, ग्राझिना.
जेवताना तिनंच विचारलं,
तुझ्या हातात दिलं तर काय करशील?
माझ्या तोंडून निघालं: गळती.
व्हॉल्व्हमधून वाफ गळते, तारांतून वीज.
आमच्या गल्लीत टाकी भरून वाहते
आणि मोटार चालूच, माणूस टीव्हीसमोर.
आधी ती बंद करू,
मग मोठ्या गोष्टी. मोठ्या गोष्टीही लागतीलच,
गळतीनं भागणार नाही, हे मला कळतं.
ती हसली नाही. म्हणाली,
आमची खाण एका शुक्रवारी बंद झाली.
बाबा वर्षभर कामाचे कपडे घालून खिडकीत बसले.
बंद करणं सोपं गं,
सोमवार अवघड.

सोमवार म्हटलं की मला सोनकुसरे काका दिसतात.
बॉयलरवर एकतीस वर्षं, दोन उरलेली.
पोरगा आयटीआय करून छतांवर सोलर बसवतो.
रात्री ताटावर जुंपते:
"तू त आमच्याच पोटावर पाय देऊन राहिला बे!"
"पोट त मालेबी हाये, बाबा."
मग काकू पंखा वाढवते.
पंखा कोणाच्या विजेवर फिरतो
ते त्या घरात कोणी विचारत नाही.

मी त्या रविवारी गच्चीवर चढले, चुन्याची बादली घेऊन.
चुना लावणं म्हणजे आमच्याकडे फसवणं,
यंदा खरोखर लावला, दोन हात.
वाळताना तो हवेतला तोच वायू थोडा परत पितो.
हिशेब मी केलाय: भट्टीत सोडला त्याहून जास्त नाही,
आणि भट्टीचं जळण वेगळंच.
फायदा खाली, खोलीत.
कूलर तीनवरून एकवर आला,
आई पहाटेपर्यंत झोपली.
शेजारचा पराते कठड्यावरून बघत होता.
म्हणाला, चुना उरला का?

उरला होता.

सोमवारी पुन्हा जाळीवर. नळी पुसली.
तेरा पूर्णांक दोन.
सही केली. मग वही उलटी धरली
आणि मागच्या पानावर लिहिलं:
व्हॉल्व्ह क्रमांक चार, गळती बंद.
पराते, गच्ची.
तिसरी ओळ मोकळी आहे.