राखून ठेवलेला नफा

हर्णै बंदरावर बर्फाच्या कारखान्याची वार्षिक सभा.
खुर्च्या सतरा, माणसं नऊ.
मुक्ताबाई पावशे ताळेबंदावर बोट ठेवतात:
"राखीव नफा, एक्केचाळीस लाख.
मग दाखव की. कुठल्या कपाटात?"

मी हिशेबनीस. म्हणतो, बाई,
हा आकडा देण्यांच्या बाजूला असतो.
"म्हणजे कंपनी देणं लागते? कुणाचं?"
तुमचंच.

सगळे हसले. मग तिला खाली घेऊन गेलो.

हा कॉम्प्रेसर. तीन वर्षं लाभांश वाटला नाही, तो हा इथे घरघरतोय.
वादळानंतर घातलेले पत्रे.
मिठाच्या पाण्यात उभे हे डबे, अजून न विकलेल्या लाद्या.
आणि रऊफ मुकादमची उधारी,
ती आत्ता खोल समुद्रात आहे, जाळं टाकून.
रोकड म्हणाल तर
विजेच्या बिलापुरती.
बंदीच्या साली तोटा झाला
तोही याच आकड्याने गिळला, मुकाट.

बाईने लादीवर तळवा टेकला,
बराच वेळ काढला नाही.
"गार आहेत रे माझे पैसे," म्हणाली.
मग पदराला हात पुसत:
"पुढच्या वर्षी थोडे वितळव."

इतिवृत्तात मी लिहिलं:
लाभांशाबाबत एका भागधारकाची सूचना.
कागदाचा कोपरा
ओला झाला होता.