आदेशात आत्या नाही

आदेशाची झेरॉक्स दादाच्या पाकिटात असते,
घडीवर फाटलेली, मागून चिकटपट्टी.
दुसरा आणि चौथा शनिवार, अकरा ते एक.
शिवाजीनगरच्या त्या खोलीतून
आता निदान एरंडवण्यातल्या बागेपर्यंत आलोय.
त्यात अर्जदार आहे, जाबदेणार आहे,
'अज्ञान मुलगी' आहे,
जिला आफ्रिकेतले सगळे देश नकाशावर दाखवता येतात.
आत्या नाही.
आजी नाही, आप्पा नाहीत,
धायरीच्या घरातलं मांजर नाही
ज्याची ती दर वेळी चौकशी करते.

पहिल्यांदा गेले ती ओळख नसल्यासारखी,
पलीकडच्या बाकावर, पेपर उघडून.
पिशवीत आईने दिलेल्या नारळाच्या वड्या
आणि वकीलबाईंची ताकीद: खायचं काही देऊ नका.
ऊर्वीने मला पाहिलं, हात केला नाही.
दादाचं बोट धरून समोरून तीन फेऱ्या मारल्या,
तिसऱ्या फेरीला सँडलचा पट्टा लावायला
नेमकी माझ्या पायाशी बसली.

तिला सोडायला सत्यजित येतो, तिचा मामा.
लग्नात यानेच दादाचा कान पिळला होता
आणि पाकीट नको, घड्याळच हवं म्हणून
अडून बसला होता.
तेच घड्याळ अजून मनगटावर.
त्यातच तो अकरा बघतो, त्यातच एक.
वर्षभर आमचं बोलणं एवढंच:
पाण्याची बाटली आहे?
आहे.
मग एकदा, गाडीला किक मारता मारता,
"आप्पांचं मोतीबिंदूचं झालं का?"
झालं म्हटलं.
कोणी विचारलं ते घरी सांगितलं नाही.

मागच्या चौथ्या शनिवारी दादाला
चाकणहून सुटताच आलं नाही.
बागेच्या दारात मी एकटी.
सत्यजित म्हणाला, वडील नसतील तर...
पुढचं वाक्य त्यालाही त्या कागदात सापडेना.
रसवंतीच्या पलीकडे जाऊन त्याने फोन लावला.
पाठमोरा. मला नुसती मान दिसत होती:
नाही, नाही, हो, नाही.
ऊर्वीने हळूच विचारलं,
"मी तुला ओळखते, असं चालतं का?"

तो परत आला.
"रोहिणी म्हणते, अर्धा तास. मी इथेच बसतो."

अर्ध्या तासात काय मावतं?
झोपाळ्याला रांग होती.
ती म्हणाली, माझं नाव कोणी ठेवलं?
मी. पाळण्यात वाकून, तुझ्या कानात,
कुर्रर्र करून.
आणि बायकांनी माझ्या पाठीत बुक्के घातले.
"आईने पण?"
सगळ्यात जोरात.
बाराव्या दिवसाची बाळंतीण, उठवत नव्हतं, तरी.
हसता हसता तुझा पाळणाच कलंडायला आला होता.

ती उठली, मामाच्या कानाशी जाऊन
काहीतरी पुटपुटली.
त्याने घड्याळ पाहिलं.
अर्धा तास कधीच होऊन गेला होता.
त्याला दिसलं, मलाही दिसलं.
तो म्हणाला, "तुमच्या पिशवीत वड्या असतात ना?
दर वेळी वास येतो."

डबा तिच्या दप्तरातून कोथरूडला गेला.

दुसऱ्या शनिवारी परत आला,
चिंचेने घासलेला, लखलखीत.
उघडला तर तळाशी चमचाभर साखर.
डबा रिकामा परत करायचा नसतो,
हे रोहिणीला माझ्याच आईने सांगितलेलं.

आईपुढे ठेवला.
तिने बोटाला चार दाणे लावून पाहिले,
बराच वेळ.
म्हणाली, जाडी आहे साखर.
कुठल्या दुकानातून आणते कोण जाणे.