नवा तक्ता

मुहर्रकच्या शाळेत, एसीच्या घरघरीत
मी मुलांना भिंतीशी उभं करते.
टाचा टेकव. हनुवटी सरळ. हलू नको.
एवढं अरबी आता झोपेतही येतं.

मंत्रालयाचे नवे तक्ते परवा आले,
गुंडाळीचा बाक अजून गेला नाही, वर स्टेपलर ठेवलाय.
जुन्या रेघा म्हणे परक्या मुलांच्या होत्या,
दूध वेगळं, ऊन वेगळं.

गेल्या महिन्यात हेस्साच्या नावापुढे लाल शेरा मीच मारला.
आईने तिला तीन दवाखाने फिरवलं,
माशाचं तेल पाजलं, दाराच्या चौकटीला लोंबकळवलं.
आज तोच आकडा, एकशे एकवीस,
नव्या रेघांत बिनतक्रार बसला.
पोरगी तसूभर वाढली नाही,
रेघच खाली वाकली.
मी खोडरबर शोधते. लाल शाई खोडता येत नाही.

मग तमीम, मिसरी पहारेकऱ्याचा.
त्याचाही ठिपका देते याच तक्त्यावर,
जरी या रेघा काढताना
त्याची उंची कुणी विचारली नव्हती.

रात्री देवरुखला फोन.
स्क्रीनमध्ये निहार कपाळापासून हनुवटीपर्यंतच मावतो.
"आई, बूट पाच नंबर नको, सात आण."
सात?
दिवसाला दोनशे मुलं मोजणारी मी
बोटांवर महिने मोजत बसते.

सूकमधून आठ नंबर घेतले.
सैल झाले तर पुढे कापूस कोंबता येतो.