ओला बल्ब, कोरडा बल्ब

कौसडीकर काकांच्या बाथरूममध्ये
स्टुलावर उभा आहे मी, मान वाकडी करून.
परभणी, वसमत रोड, एप्रिलचा शेवटचा मंगळवार.
टाकीतलं पाणी सकाळी दहालाच चहाइतकं गरम.

पंखा पोरानं पाठवलेला.
आत ओल ओळखणारं नाक आहे म्हणे त्याला,
दमट झालं की आपोआप फिरतो, सुकलं की थांबतो.
"फिरंनाच गेलाय मुंजाजी. नाक चोंदलं का त्याचं?"

झाकण काढलं. तीन स्क्रू, तीन वायरी:
लाल बटणाची, काळी माघारी जाणारी,
अन् हिरवी.
हिरवीला टेस्टर लावला तर पेटला.
अर्थिंगच्या रंगात कायमचा फेज!
कोणी केलं असेल?
ज्याच्याकडं त्या दिवशी हिरवंच बंडल उरलं होतं, त्यानं.
शिवी आली तोंडात, पण गिळली.
माझ्याही हातून गंगाखेडला एका घरात
असंच झालेलं आहे.

मग काळीवर लावला. तिथंही पेटला.
काळीवर पेटला की समजावं,
परतीची वाट तुटली आहे कुठंतरी.
गेलेला पंख्यापर्यंत पोचलाय
अन् माघारी यायला रस्ता नाही म्हणून
दारातच ताटकळत उभा आहे.

पण टेस्टर चुगलखोर,
कानावर जरा काही आलं की लगेच लाल होतो.
पिशवीतून माझा साठचा बल्ब काढला, होल्डर अन् दोन वायरी.
बल्ब पोटभर मिळाल्याशिवाय बोलत नाही.
हिरवी अन् पंख्याची काळी: अंधार.
हिरवी अन् गिझरच्या बोर्डातली काळी: लख्ख.

मेन बंद केला. काकांना मीटरपाशी उभं केलं
राखणीला.
गिझरमागचा डबा उघडला, एक पाल पळाली,
अन् काळीचा जोड
न ओढताच हातात आला,
वाळलेल्या शेंगेसारखा, आत राखाडी पूड.
घासला, पिळला, नवी टेप.

मेन चालू.
बटण दाबलं, फिरला. बटण सोडलं, थांबला.
आपोआप मात्र
हूं की चूं नाही.

काका हसले.
एकतीस वर्षं ते विद्यापीठाच्या वेधशाळेत
रोज दोन वेळा पांढऱ्या पेटीचं दार उघडायचे,
आतले दोन बल्ब वाचायचे,
एक कोरडा, एक ओल्या चिंधीतला,
दोघांतल्या अंतरावरून हवेतलं पाणी सांगायचे.
"आकडा कितीवर आहे त्याचा?"
साठ.
"साठ! अरे, आजची हवा अठराच्या पुढं नाही.
अन् आम्ही दोघं, आठव्या दिवशी नळ,
अर्ध्या बादलीत उरकताव.
त्याला वास यावा कशाचा?"

मला काही सुचेना. जाळीपाशी तोंड नेलं
अन् चष्म्याच्या काचेवर टाकतात तसा
हाः करून श्वास टाकला.
एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा आत
टिक.
फिरला!

"उतर, उतर," म्हणत काका आले,
पंखा थांबेपर्यंत घड्याळ धरून बसले: चौदा मिनिटं.
मग स्टुलावर चढले, मी दंड धरला.
त्यांना चार श्वास लागले.
टिक झालं तसे वरूनच ओरडले स्वयंपाकघराकडं,
"अगं, साठाच्या वर आहे मी अजून!"
"उतरा खाली," काकू म्हणाल्या, "पडाल."

आकडा कमी करू का, विचारलं.
"राहू दे. नळाच्या दिवशी फिरंल.
चुकून पहाटेच आला तर कळंल तरी."

हिरवीच्या टोकाला लाल टेपचं वेटोळं घातलं,
माझ्यानंतर जो कोणी चढेल त्याच्यासाठी.
दीडशे घेतले.
फाटकाबाहेर, लिंबाच्या सावलीत गाडी उभी करून
गंगाखेडचा नंबर शोधला,
अन् लावला.